छतावर सोलर असताना बॅटरी कशाला?

घणसोलीकर
सोसायटीच्या गच्चीवर 20 किलोवॅटचं सोलर, नेट मीटरिंगही (जास्तीची वीज ग्रिडला देऊन बिलात वळती) आहे, तरी वीज गेली की भर उन्हात लिफ्ट बंद. ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर पुरवठा जाताच थांबतो, आणि थांबायलाच हवा. नाहीतर लाइनवरच्या वायरमनला आपल्या पॅनेलचा शॉक बसेल. म्हणून म्हणतो, पॅनेल कमी घ्या, पण थ्री फेज हायब्रिड इन्व्हर्टर (वीज गेली तरी पॅनेल-बॅटरीवर चालणारा) आणि बॅटरी घ्याच. 51.2 व्होल्ट, 100 एएच (ॲम्पिअर-तास) चे चार एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी बॉक्स म्हणजे 20 युनिट. 80 टक्के वापरून, इन्व्हर्टरचा तोटा काढून हाती 15. दोन लिफ्ट आणि जिन्यातले दिवे सरासरी 3 किलोवॅट धरा, पाच तास निघतात.

खाडीपलीकडचा
असहमत. पाच तास लागतात कधी? 12 ऑक्टोबर 2020 ला कळवा-पडघे लाइन गेली आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली, पण तो अपवाद. तेवढी 15 युनिटं जनरेटर पाच लिटर डिझेलमध्ये देतो. साठवण मोठीच करावी. घाटघरचा 250 मेगावॅटचा उदंचन प्रकल्प बघा, त्याचं खालचं धरण आपल्याच जिल्ह्यात, शहापूर तालुक्यात चोंढ्याला. मागणी कमी असताना पाणी वर चढवायचं, वाढली की सोडायचं. बॉक्स बदलत बसायला नको.

घणसोलीकर
घाटघरची वीज लाइनवरूनच येणार ना? लाइनच गेली तर? पाच लिटरचा हिशेब जनरेटरवर पाऊण लोड असेल तेव्हाचा. 62.5 केव्हीएच्या (सुमारे 50 किलोवॅटच्या) धुडावर 3 किलोवॅट टाकलेत तर डिझेल कितीतरी जास्त जातं, वर अर्धवट जळलेलं सायलेन्सरमध्ये साचतं. आणि त्याला स्टार्ट करायला बॅटरीच लागते! ऐनवेळी बहुधा तीच उतरलेली असते.

डीसी_पॅनल
दोघंही वायरिंग विसरलात. सरासरी 3 असली तरी एका वेळी 10 किलोवॅटचा लोड आला, तर 51 व्होल्टवर तोटा धरून 215 ॲम्पिअर. केबलच्या टोकाचा धातूचा लग नीट क्रिम्प केलेला (दाबून घट्ट बसवलेला) नसेल आणि जोडात एक मिलिओहम जरी रोध राहिला, तरी तिथे 46 वॉट उष्णता. लग काळा पडतो, मग इन्सुलेशन वितळतं. हायड्रॉलिक क्रिम्पिंगच करा, पक्कड-हातोडीने नाही. 70 चौरस मिमी तांब्याची केबल. चारही बॉक्सपासून बसबारपर्यंत (सगळ्या केबल जिथे एकत्र येतात ती पट्टी) लांबी सारखी, नाहीतर जवळच्या बॉक्सवर जास्त ताण येतो. जोडण्याआधी चारही पूर्ण चार्ज करा. ब्रेकर डीसीचाच. एसीचा प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते; डीसीत ती सोय नाही, एसी एमसीबी आतूनच जळतो.

पाण्याचा 5 एचपी पंप थेट स्टार्टरवर असेल तर बॅकअपवर घेऊ नका, सुरू होताना सहापट करंट ओढून इन्व्हर्टर ट्रिप करतो. आणि बॅटऱ्या बेसमेंटमध्ये नकोत. पावसाळ्यात काय होतं ते सांगायला नको.

खाडीपलीकडचा
मग ट्युब्युलरच (शिसं-आम्लाची जुनी बॅटरी) घ्या की. भंगारात शिशाचे पैसे तरी येतात.

डीसी_पॅनल
येतात, पण निम्मीच क्षमता वापरायची, डिस्टिल्ड वॉटर बघत राहायचं, आणि खोली 10 अंशांनी तापली की आयुष्य जवळपास अर्धं. पुढे लिथियम लावलीत तर चार्जरचं सेटिंग बदला. ट्युब्युलर मोडमध्ये इक्वलायझिंगला (सगळे सेल समान करायच्या जादा चार्जिंगला) व्होल्टेज 60 च्या वर जातं. एलएफपीच्या 16 सेलची मर्यादा 58.4. बीएमएस (बॅटरीतलं संरक्षक सर्किट) जोडणी तोडतो आणि लोक बॅटरी खराब म्हणून परत पाठवतात. भंगाराचं म्हणाल तर 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्यांची जबाबदारी उत्पादकावर आहे. परत कोण नेणार, ते कोटेशनमध्येच लिहून घ्या.