एलएलबी झाल्यावर कोर्ट की सरकार? सांगली-साताऱ्याच्या लोकांनी बोलावं

हळदबाजार
धाकट्या बहिणीचं सांगलीतून तीन वर्षांचं एलएलबी यंदा संपतंय. घरात दोनच गोष्टी चालू आहेत: एखाद्या सीनियरकडे फायली उचलायच्या, नाहीतर पुण्यात रूम घेऊन जज्जच्या परीक्षेचा अभ्यास. माझं मत वेगळं आहे. कायदा शिकलेल्यांनी सरकारात, धोरण ठरतं तिथे शिरावं. आमदाराला विधेयक वाचून त्यातली मेख सांगणारं कुणी नसतं, आणि साधे ठराव कोर्टात टिकत नाहीत. बरं, आपल्याकडे हे नवं नाही. यशवंतराव चव्हाण एलएलबी होऊन कराडात वकिली करत होते. 1961 चा जिल्हा परिषदांचा कायदा ते मुख्यमंत्री असतानाचा. तासगावचे आर. आर. आबाही एलएलबीच, आणि 2007 ची तंटामुक्त गाव मोहीम त्यांचीच. विरोधी मतं हवीत. नुसतं 'छान विचार' लिहून जाऊ नका.

विजयनगर_कोर्ट
मग घ्या विरोधी. चव्हाणसाहेब आणि आबा निवडून गेले होते, नोकरीला लागले नव्हते. त्यांची नावं घेऊन बहिणीला कंत्राटी विधी अधिकारी करू नका. अकरा महिन्यांचा करार, मुदतवाढ मिळाली तर मिळाली, आणि मत दिलं तरी साहेबांना हवं तेच.

दुसरी गोष्ट, खासदार-मुख्यमंत्र्यांच्या कामात तरुणांना काही काळ मानधनावर घेणारे फेलोशिपवाले सांगत नाहीत. पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिलांचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिलच्या नियम 49 प्रमाणे सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, स्थगित ठेवावी लागते. इकडे 20 मे 2025 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने कनिष्ठ स्तर न्यायाधीशाच्या परीक्षेला तीन वर्षांची वकिली परत सक्तीची केलीय. म्हणजे दिल्ली-मुंबईत घालवलेला काळ हिशोबातून गेला. पोरगी ना वकील, ना जज्ज. आणि आत्ता कुठे, ऑगस्ट 2025 मध्ये, कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच आलं. सांगली-साताऱ्याची रिट, म्हणजे सरकारी निर्णयाविरुद्धची याचिका, दाखल करायला मुंबई गाठायची कटकट गेली. वकिलांनी एवढी वर्षं आंदोलनं केली ती काय पोरांनी कोर्ट सोडावं म्हणून?

मिरजकरीण
वकीलसाहेब, ज्युनिअरला महिन्याला देता किती तेही लिहा की. बार कौन्सिलने 2024 मध्ये शहरात 20 हजार आणि ग्रामीण भागात 15 हजारांची शिफारस केलीय. मला सीनियरनी पेट्रोलचे पैसे दिले, तेही दिवाळीत.

विजयनगर_कोर्ट
शिफारस आहे ताई, सक्ती नाही. आम्हाला तरी कुणी दिलं होतं?

मिरजकरीण
झालं. म्हणूनच पोरी दुसरीकडे बघतात.

टिप्पणीवाला
मूळचा कोरेगावचा, सध्या मंत्रालयात. धागा काढणाऱ्या दादांना चित्र जरा जास्तच रंगीत दिसतंय. फाईलवर पहिली टिप्पणी सहायक लिहितो, मग कक्ष अधिकारी, अवर सचिव अशी ती वर सरकते. नियमांचा मसुदा असला की विधी व न्याय विभागाकडे जाते. तिथून काय शेरा यावा? 'मूळ अधिनियमाच्या कोणत्या कलमान्वये नियम करण्यात येत आहेत ते नमूद करावे.' एवढ्या एका ओळीसाठी फाईल परत खाली, आणि तोवर अधिवेशन उरकलेलं. कायदा शिकलेला माणूस टेबलावर असेल तर हे घडत नाही, हे खरं. पण त्या टेबलापर्यंत यायला एमपीएससीच द्यावी लागते आणि तिथे एलएलबीचा वेगळा एक मार्क मिळत नाही.

अजिंक्यतारा
मला तर मंत्रालयापेक्षा तहसीलला माणसं हवीत. आमच्या भावकीतली रस्त्याची केस, 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखालची. आदेश आमच्या बाजूने झाला. पण स्थळपाहणीची नोटीस समोरच्याला बजावल्याचा कागदच फाईलीत नाही! वरती आदेश उडाला. ऊस तोडीला आलेला, आणि ट्रॅक्टर बांधाच्या अलीकडे उभा. असे आदेश किती निघत असतील, काय बोलायचं. आणि धोरण काय दिल्लीतच जन्मतं होय? वि. स. पागे यांनी साठच्या दशकात तासगाव तालुक्यात, विसापूरला प्रयोग केला, त्यातून राज्याची रोजगार हमी उभी राहिली, आणि 2005 ला केंद्राला त्याच वाटेने कायदा करावा लागला.

विजयनगर_कोर्ट
पागे विधान परिषदेचे सभापती होते हो. परत तेच! आणि तुमचा आदेश उडवला कुणी? आमच्यातल्याच एका वकिलाने. नोटीस फाईलीला लावायला पदवी लागत नाही, काम नीट करायची इच्छा लागते.

अजिंक्यतारा
इच्छा असून काय करता? कुठला कागद नसला तर आदेश पडतो हे माहीत असायला नको? तेवढं तर कायदेवाल्यालाच कळतं.

हळदबाजार
सनदीचा मुद्दा मला पटला, तो डोक्यात नव्हता. पण वयाचं बघा. दिल्लीची लॅम्प फेलोशिप, जिथे पीआरएस संस्था खासदाराच्या मदतीला तरुण देते, तिला 25 ची मर्यादा. मुख्यमंत्री फेलोशिपला 26 ची. बारावी, पदवी, मग एलएलबी म्हटल्यावर पोरगी चोविशीत येतेच. तीन वर्षं वकिली करून मग धोरण म्हणाल तर दार बंद झालेलं असणार.

मिरजकरीण
आधी तात्पुरती सनद काढू दे, तीन वर्षं त्या तारखेपासून मोजतात. त्याच निकालात न्यायाधीशांकडे लॉ क्लर्क, म्हणजे त्यांचा कायद्याचा मदतनीस, म्हणून केलेलं कामही वकिलीत धरलंय. कोल्हापूरला तसं काही जमतंय का बघ म्हणावं. तिथे बसून सरकार रिटमध्ये कुठे कुठे मार खातं ते रोज दिसेल.

विजयनगर_कोर्ट
हे बोललात कामाचं. पण त्या जागा मूठभर, आणि अर्जदार सहा जिल्ह्यांतून. सनदीचा फॉर्म मात्र निकाल लागला की लगेच भरा, बाकीचं नंतर भांडू.