वडिलांची फौजेतली नोकरी लिहून ठेवायची आहे, पण ते बोलतच नाहीत

कोरेगावकर_७९
नमस्कार मंडळी. आमचे अण्णा १९७६ ला मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाले, २००० ला हवालदार म्हणून पेन्शनवर आले. कुठल्या साली कुठं होते, एवढं तरी वहीत उतरवून ठेवावं असं मनात आहे. विचारलं की उत्तर ठरलेलं, "पोस्टिंग आलं, गेलो." परवा टीव्हीवर श्रीनगर दाखवत होते. म्हटलं, तुम्ही होता ना इथं? म्हणाले, "थंडी असते." विषय संपला. जुन्या दोस्ताचा फोन आला की मात्र तासभर हिंदीत चालतं, आणि मी खोलीत गेलो की आवाज बारीक. सुरुवात कुठून करू?

घाटाखालचा
रेकॉर्ड ऑफिसला अर्ज टाका. मराठावाल्यांचं बेळगावला आहे. आर्मी नंबर, रँक, नाव लिहा.

माजी_सुभेदार_वाई
अर्ज टाका, पण त्यातून तारखा मिळतील, अण्णा मिळणार नाहीत.

मी महार रेजिमेंटचा, ट्रेनिंग मध्य प्रदेशातल्या सागरला. आमची पोरंही हेच विचारतात, "पप्पा, लढाई सांगा." काय सांगणार? चोवीस-अठ्ठावीस वर्षांतली खरी लढाई मोजकी. बाकी सगळं संत्री ड्युटी, खंदक, रोल कॉल आणि रजेची वाट. म्हणून लढाई विचारू नका, रजा विचारा. वर्षाला साठ दिवस ॲन्युअल आणि तीस दिवस कॅज्युअल, त्यातला एकेक दिवस माणसाला पाठ असतो. जम्मूहून झेलम एक्सप्रेस पकडायची, दोन रात्री बसून पुणं, तिथनं एसटी. डब्यात कोण होतं, जेवण कुणाच्या डब्यातलं, हे विचारा, आपोआप बोलतील.

आमच्या तिन्ही पोरांचे वाढदिवस डिसेंबर-जानेवारीतले. कारण मला रजा कायम चैत्रातल्या गावच्या यात्रेला मिळायची. हिशेब तुम्हीच लावा. तुमच्या भावंडांच्या जन्मतारखांवरनंही अण्णांच्या निम्म्या रजा निघतील!

दुसरं, मेडल बघा. सैन्य सेवा मेडलवर आडवी पट्टी असते, तिच्यावर भाग लिहिलेला असतो. ऑपरेशन विजयचं असेल तर कारगिलचं १९९९ साल धरा. विदेश सेवा असेल तर देशाबाहेर गेले होते. मी स्वतः १९९३ ला यूएनच्या कामावर सोमालियात होतो. आफ्रिकेला चाललोय म्हटल्यावर आईनं विचारलं होतं, "मिरजेला गाडी बदलायची का?"

आणि वहीच्या नादात एक काम विसरू नका. पेन्शनच्या पीपीओवर (पेन्शन पेमेंट ऑर्डर, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद) आईंचं नाव आणि जन्मतारीख आधारप्रमाणेच आहे ना, बघून घ्या. आमच्या वेळी लग्न, मुलं सगळं पार्ट टू ऑर्डरला, म्हणजे युनिटच्या नोंदीच्या कागदाला, चढायचं, आणि क्लार्क ऐकून लिहायचा. आमच्या हिचं माहेरचं नाव लागलं होतं. ते बदलायला दोन वर्षं हेलपाटे घातले, कुठल्या ऑफिसात ते सांगत नाही, बीपी वाढतं. माणूस गेल्यावर फॅमिली पेन्शन अशाच अक्षरावर अडते.

मिरजेची_सून
एवढं सगळं वाचलं, पण आईला विचारलंत का हो? माझे मिस्टरही फौजेत होते. ते सगळ्या देशभर फिरले आणि मी पोस्टमनच्या सायकलकडं डोळे लावून बसले. पत्त्यात गावाचं नाव नसायचंच. नुसतं ५६ एपीओ नाहीतर ९९ एपीओ, म्हणजे फौजेच्या पोस्टाचा नंबर. नव्व्याण्णव आलं की पूर्वेकडं बदली झाली, हे मी नकाशा न बघता ओळखायची, कारण त्या पत्राला उशीर लागायचा. गाव नंतर रजेवर आल्यावर कळायचं, तेही मीठमिरची काढून. तुमच्या आईंकडं इनलँडचा गठ्ठा असणार. पोस्टाचे शिक्के बघा.

कोरेगावकर_७९
ताई, खरंच, आईला विचारायचं डोक्यातच आलं नव्हतं. आज दुपारी विचारलं. गठ्ठा नाही, मधल्या काळात घर गळलं तेव्हा गेला. पण तिला सगळं तोंडपाठ. थोरल्याच्या मुंजीला... नाही, जावळाला अण्णा आले नाहीत तेव्हा नव्व्याण्णव, मी पोटात होतो तेव्हा छप्पन्न. मी लिहून घेत होतो. ती म्हणाली, "त्या साली तेजपूरला होते." आतल्या खोलीतनं आवाज आला, "तेजपूर नव्हे, तवांग. तेजपूरला नुसती गाडी भरायची."

मग सुभेदारसाहेब, तुमचं ऐकून विचारलं, तिथनं रजेवर यायला किती दिवस लागायचे? चहा गार होईपर्यंत बोलले. बर्फानं रस्ता बंद, ट्रकमध्ये तीन रात्री, आणि गाडी चुकली तेव्हा गुवाहाटीच्या फलाटावर विकत घेतलेलं लाल स्वेटर. ते माझं होतं. मला लहान झालं म्हणून बहिणीनं घातलेलं आठवतंय, पण कुठनं आलं ते आज कळलं.

पीपीओ काढला. आईची जन्मतारीख चुकलीय. सुभेदारसाहेब, नीट करायला पहिला कागद कुठला लागतो ते सांगा. अण्णा माळ्यावरची ट्रंक काढायला चढलेत, शिडी धरायला हाक मारतायत.