ख्रिसमसच्या आठवड्यातली कॅरिबियन क्रूझ, आईबाबा सोबत : सल्ला हवाय

मृण्मयी_एनजे

नमस्कार मंडळी. या डिसेंबरात आईबाबा आमच्याकडे न्यू जर्सीत असणारेत (बाबा ७४, आई ७०) आणि मुलांना शाळेला सुट्टी तेव्हाच, त्यामुळे ख्रिसमस ते न्यू इयर या दिवसांत फ्लोरिडातून निघणारी सात रात्रींची क्रूझ करावी असं घरात चाललंय. आम्ही एकूण सहाजण. बाबा एका पायावर तयार आहेत, लहानपणी ते भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरीला बोटीने जायचे, अजून त्या डेकवरच्या झोपेबद्दल सांगत असतात. आईचं मात्र एकच पालुपद, "मला बोट लागते." तिला खंडाळ्याच्या घाटात गाडीसुद्धा लागते. शिवाय ती शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही. बाबांना गुडघ्यांमुळे फार जिने होत नाहीत. आणि त्या आठवड्याचे दर बघून नवरा म्हणतोय की एवढ्या पैशांत ऑर्लँडोला मोठं घर भाड्याने घेऊन निवांत राहू. खरंच त्या आठवड्यात जाण्यात अर्थ आहे का? कुठला रूट, कुठली केबिन, जेवणाचं काय करायचं, ज्यांनी केलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा प्लीज.

दर्यावर्दी

जा. माझं स्पष्ट मत आहे की म्हातारे आईवडील आणि शाळेतली मुलं अशी तीन पिढ्यांची सुट्टी क्रूझवर जितकी सुखाची होते तितकी दुसरीकडे होत नाही, कारण ऑर्लँडोला घर घेतलं की आई पहिल्या सकाळी ओट्यापाशी उभी राहणार आणि शेवटच्या रात्रीपर्यंत तिथून हलणार नाही. बोटीवर तिला ओटाच नाही. बाबांना वाटलं तर ते डेकवर बसतील, मुलं पूलमध्ये, तुम्ही दोघं कुठेतरी शांत, आणि रात्री सगळे एका टेबलावर.

दर दुप्पट दिसतात ते खरंय, वर्षातला सगळ्यात महाग आठवडा तोच. गर्दीचाही हिशेब धरा. जाहिरातीत लिहिलेली प्रवासी संख्या एका केबिनमध्ये दोन माणसं धरून असते, सुट्टीत तिसऱ्या-चौथ्या बेडवर मुलं असतात. आयकॉन ऑफ द सीजसारख्या बोटीवर दोन-दोनच्या हिशेबाने ५६०० लोक होतात, पण कमाल क्षमता साडेसात हजारांच्या वर आहे. म्हणून आईबाबा बरोबर असतील तर सगळ्यात नवी, सगळ्यात मोठी बोट घेऊ नका, मधल्या आकाराची घ्या. लिफ्टसाठी ताटकळणं कमी, केबिनपासून जेवणाच्या हॉलपर्यंतचं चालणंही कमी, आणि बाबांच्या गुडघ्यांना त्या घसरगुंड्यांचा काय उपयोग.

केबिन घेताना डेक प्लॅन उघडून बघा. बोटीच्या मध्यावर आणि जमेल तितक्या खालच्या मजल्यावर घ्या, कारण बोट पाळण्यासारखी वरखाली होते तेव्हा मध्यभाग सगळ्यात कमी हलतो, टोकं आणि वरचे मजले जास्त. आईबाबांना बाल्कनी किंवा निदान खिडकी द्याच, बाहेर क्षितिज दिसत राहिलं की बोट लागण्याचं प्रमाण बरंच कमी होतं. पैसे वाचवायचे तर मुलांची आणि तुमची केबिन आतली घ्या. आणि केबिनच्या वरच्या मजल्यावर काय आहे तेही बघा, पूल डेकच्या खाली असलात तर पहाटे खुर्च्या ओढल्याचे आवाज येतात.

समीर_डॅलस

मी थोडं उलटं सांगतो. शाळेशी बोलून चार दिवस मिळत असतील तर थँक्सगिव्हिंगनंतरचे दोन आठवडे किंवा न्यू इयर झाल्यावर जानेवारीचे पहिले दोन आठवडे बघा. बोट तीच, सजावटही डिसेंबरात आधीपासून लागलेली असते, दर खूप खाली आणि बुफेत खुर्ची मिळते. आम्ही दोन्ही प्रकार केलेत, शांतपणा हवा असेल तर ख्रिसमसचा आठवडा नकोच.

मृण्मयी_एनजे

समीर, मोठा मुलगा हायस्कूलला आहे, त्याला शाळा बुडवणं शक्य नाही. आणि खरं सांगायचं तर आईबाबांना तो झगमगाट दाखवायचाच आहे, पुढच्या वर्षी एवढा लांबचा विमानप्रवास त्यांना झेपेल की नाही माहीत नाही. दर्यावर्दी, खूप खूप आभार. डिसेंबरात समुद्र कसा असतो?

दर्यावर्दी

वादळांचा मोसम अधिकृतपणे १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यामुळे ती भीती बहुतेक गेलेली असते. डिसेंबरात वेगळी गोष्ट असते, उत्तरेकडून थंडीच्या लाटा फ्लोरिडावर उतरतात. फ्लोरिडा आणि बहामाजच्या मधून गल्फ स्ट्रीम हा जोरदार प्रवाह उत्तरेकडे वाहतो, आणि वारा समोरून म्हणजे उत्तरेकडून आला की तिथे लाटा उभ्या राहतात. बहामाजला जाणाऱ्या बोटीला हा पट्टा पहिल्याच रात्री लागतो, म्हणून आईची बोट लागण्यावरची गोळी निघायच्या आधीच पोटात गेलेली बरी. पूर्व कॅरिबियनकडे डिसेंबर-जानेवारीत व्यापारी वारे जोर धरतात, तिकडे त्यांना ख्रिसमस विंड्स असंच म्हणतात. मोठ्या बोटींना बाजूने फिनसारखे स्टॅबिलायझर असतात, डोलणं पुष्कळ आवरलं जातं. भाऊच्या धक्क्याच्या बोटीशी तर तुलनाच नको. पण हवा बिघडली तर एखादं बंदर गाळतात, विशेषतः कंपन्यांची स्वतःची छोटी बेटं, तिथे वाऱ्यात धक्क्याला लागणं अवघड असतं. मुलांना आधीच सांगून ठेवा.

अनुजा_टँपा

जेवणावर मी लिहिते. आईंची अजिबात काळजी करू नका. मोठ्या कंपन्यांच्या मुख्य डायनिंग रूममध्ये भारतीय शाकाहारी पदार्थ रोज मिळतो, काही ठिकाणी मेनूवरच असतो, काही ठिकाणी मागावा लागतो. बुकिंग झाल्यावर आहाराची नोंद करायची, पण खरं काम पहिल्या संध्याकाळी होतं. हेड वेटरला भेटून नीट सांगायचं की मांस, मासे, अंडं काहीच नाही. ते दुसऱ्या दिवशीसाठी काय करू असं आदल्या रात्री विचारून जातात. बोटींवर गोवा-मुंबईकडची माणसं भरपूर असतात, आमच्या टेबलावरचा मुलगा वसईचा होता. माझ्या सासूबाईंनी त्याला सहज मराठीत "बाळा, साधं वरण मिळेल का रे" विचारलं तर दुसऱ्या दिवशी वाटीत पिवळं वरण, वर तुपाची धार आणि शेजारी मऊ भात घेऊन उभा! त्यानंतर सासूबाई बुफेकडे फिरकल्या नाहीत.

त्यासाठी जेवणाची ठरलेली वेळ घ्या, ज्यात रोज तेच टेबल आणि तोच वेटर मिळतो. कधीही या वाल्या पर्यायात रोज नव्याने सगळं समजावत बसावं लागतं. लवकरची पंगत साधारण साडेपाच-सहाची असते, आईबाबांना तीच बरी. गोडात अंडं आणि जिलेटिन असतंच असं धरून चाला, विचारल्याशिवाय नको. घरचं शिजवलेलं काही नेता येत नाही, पण कंपनीचं सीलबंद पाकीट, म्हणजे दुकानातला चिवडा, खाकरे, इन्स्टंट उपम्याची पाकिटं, याला सहसा हरकत घेत नाहीत. गरम पाणी बुफेत चोवीस तास मिळतं. इलेक्ट्रिक किटली आणि इस्त्री मात्र नेऊ नका, तपासणीतच काढून घेतात.

डॉ_वैशाली

औषधांचं थोडं. मेक्लिझिन नावाची गोळी इथे दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते, मळमळ सुरू झाल्यावर घेण्यापेक्षा आदल्या रात्री घेतली की जास्त उपयोग होतो. पण झोप येते, तोंड कोरडं पडतं, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. कानामागे लावायचा पॅच वयस्कर माणसांमध्ये कधीकधी गोंधळल्यासारखं करतो, सत्तरीच्या आईंना मी तो स्वतःहून सुचवणार नाही. आलेपाक सोबत ठेवा, सौम्य मळमळीला खरंच बरं वाटतं.

दुसरं म्हणजे हात. बोटीवर पोट बिघडवणारा नोरोव्हायरस सॅनिटायझरला फारसा दाद देत नाही, साबण-पाणीच लागतं. बुफेच्या दारात स्प्रे मारतात तेवढ्यावर समाधान मानू नका.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. आईबाबांसाठी घेतलेला व्हिजिटर इन्शुरन्स बोटीवर आणि दुसऱ्या देशाच्या बंदरात चालतो का हे पॉलिसीत वाचा, बऱ्याच पॉलिसी अमेरिकेबाहेर हात वर करतात. बोटीवरच्या दवाखान्याचं बिल थेट तुमच्या खात्यात पडतं आणि पेशंटला हेलिकॉप्टरने किंवा विमानाने हलवायची वेळ आली तर तो खर्च सामान्य माणसाच्या आवाक्यातला नसतो. मेडिकल इव्हॅक्युएशन असलेला वेगळा ट्रॅव्हल इन्शुरन्स घ्या, यात काटकसर नको. रोजच्या गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या बॅगा पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत केबिनला येत नाहीत.

पुष्कर_ऑस्टिन

यावरून माझा प्रश्न. मी एच-१बी (नोकरीच्या व्हिसा) वर आहे, पासपोर्टवरचा व्हिसा स्टॅम्प संपलाय पण एक्स्टेंशनची ७९७ (मुदतवाढ मंजूर झाल्याचा कागद) आहे, आय-९४ (इथे राहायच्या मुदतीची नोंद) चालू आहे. क्रूझ इथूनच निघून इथेच परत येते तर चालतं ना?

केदार_ह्यूस्टन

पुष्कर, थांब, बुकिंग करू नकोस. बोट परत इथेच येत असली तरी मधे तू देशाबाहेर जाऊन आलेला असतोस आणि परत येताना रीतसर इमिग्रेशन होतं. संपलेल्या स्टॅम्पवर परत यायची सवलत एच-१बी वाल्यांना फक्त कॅनडा आणि मेक्सिकोच्या तीस दिवसांपर्यंतच्या फेरीला आहे. कॅरिबियन बेटांची सवलत एफ आणि जे (विद्यार्थी आणि एक्स्चेंज) व्हिसावाल्यांनाच. म्हणजे बोट बहामाजला लागणार असेल तर ती तुझ्यासाठी नाही. नुसती मेक्सिकोची असली तरी कंपनीचे कर्मचारी चढताना अडवू शकतात, म्हणून आधी लेखी विचारून घे आणि वकिलाशीही बोल.

मृण्मयी, तुमच्या आईबाबांचा व्हिसा मल्टिपल एन्ट्री आहे ना बघा, सहसा दहा वर्षांचा तसाच असतो. परत आल्यावर आय-९४ ची तारीख पुढे सरकेल असं मात्र धरू नका, बऱ्याचदा जुनीच राहते. मेक्सिकोला चालू अमेरिकन व्हिसा असेल तर वेगळा व्हिसा लागत नाही. बाकी बेटांचे नियम देशागणिक वेगळे, भारतीय पासपोर्टचा उल्लेख करून कंपनीकडून ईमेलवर उत्तर मागा, फोनवरचं बोलणं धक्क्यावर कामाला येत नाही.

शर्वरी_टोरांटो

रूटबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते, आणि हे मनापासून सांगतेय. त्या आठवड्यात जाताय तर अशी बोट शोधा जी २६ डिसेंबरला किंवा १ जानेवारीला भल्या पहाटे नासाऊला, म्हणजे बहामाजच्या राजधानीला, लागते. या दोन दिवशी तिथे जंकानू असतं, म्हणजे ढोल आणि रंगीत पोशाखांची मोठी मिरवणूक. मध्यरात्रीनंतर सुरू होतं आणि बे स्ट्रीटवर सकाळ चांगली वर येईपर्यंत चालतं. बे स्ट्रीट बोटीच्या धक्क्यापासून पायी जाण्याइतकी जवळ. आम्ही सातच्या सुमारास उतरलो तेव्हा शेवटची मोठी पथकं जात होती.

धक्क्यावर पाय ठेवला तेव्हा आधी फक्त काउबेल ऐकू आल्या, मग छातीत धडधडायला लागलं म्हणून कळलं की ढोल आहेत. बकऱ्याच्या कातड्याचे ढोल, आपल्याकडे हलगी शेकतात तसे तेही विस्तवावर धरून ताणतात. पोशाख पुठ्ठ्याचे आणि त्यावर क्रेप कागदाच्या बारीक बारीक झालरी एकेक करून चिकटवलेल्या, जवळून बघितलं तर प्रत्येक झालर हाताने कापलेली दिसते, आणि असा घराएवढा देखावा एकच माणूस खांद्यावर घेऊन नाचतो. माझ्या समोर एकजण थांबला, त्याच्या हनुवटीवरून घाम गळत होता, कोणीतरी त्याच्या तोंडाला पाण्याची बाटली लावली, दोन घोट घेतले आणि परत त्याच ठेक्यात सुरू. व्हॅली बॉइज, सॅक्सन्स अशी पिढ्यान् पिढ्यांची पथकं आहेत, महिनोन् महिने तयारी चालते. गुलामगिरीच्या काळात ख्रिसमसच्या सुमारास गुलामांना जी थोडी सुट्टी मिळायची त्यातून हा सण उभा राहिला. २०२३ मध्ये युनेस्कोने सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतला. माझे बाबा तासभर कठड्याला धरून उभे होते, खुर्ची नको म्हणाले. बोटीवरचं ख्रिसमस ट्री, सांता, रात्री बाराचं काउंटडाउन सगळं छान असतं, मुलांना ते लागतंच, पण आईबाबांच्या बोलण्यात अजून जंकानूच येतं.

मिरवणुकीनंतर क्वीन्स स्टेअरकेस जवळच आहे, गुलामांकडून चुनखडीच्या दगडात खोदून घेतलेल्या ६६ पायऱ्या. बाबांनी चढू नयेत, टॅक्सीने फोर्ट फिनकॅसलला वर जाऊन तिथूनच बघावं. आणि २५ डिसेंबर शक्यतो समुद्रावरच जाईल असा कार्यक्रम बघा, त्या दिवशी बंदरात बरीच दुकानं बंद असतात.

दर्यावर्दी

शर्वरी, उत्तम सल्ला. मृण्मयी, गुडघ्यांसाठी एक भर, ग्रँड केमनसारख्या ठिकाणी बोट धक्क्याला लागतच नाही, लहान बोटीत उतरून जावं लागतं, लाटा असतील तेव्हा ते पाऊल टाकणं वयस्करांना कठीण जातं. अशी बंदरं रूटमध्ये नसलेली बरी. आणि विमान आदल्या दिवशीचं घ्या, नेवार्कला बर्फ पडला तर बोट थांबत नाही. टिप्स रोज माणशी साधारण १६ ते २० डॉलर, मुलांनाही लागतात, सहाजणांचे सात रात्रींचे साडेसातशेच्या आसपास होतात, ते बजेटमध्ये आधीच टाका.

मृण्मयी_एनजे

सगळ्यांचे किती आभार मानू. आमचे दोघांचे स्टॅम्प चालू आहेत, आईबाबांचा व्हिसा मल्टिपल आहे, आत्ताच पासपोर्ट काढून बघितले. फोर्ट लॉडरडेलहून निघणारी एक मधल्या आकाराची बोट सापडली, २६ तारखेला सकाळी सातला नासाऊ, २५ ला समुद्रावर. आईला वसईच्या मुलाची आणि वरणाची गोष्ट वाचून दाखवली तर म्हणाली, "मग गोळी घेऊन बघते." सहाव्या मजल्यावर मध्यभागी दोन बाल्कनी शेजारशेजारच्या मिळतायत, मधलं दार उघडणाऱ्या. त्या घेऊ का एक बाल्कनी आणि एक आतली?

अनुजा_टँपा

शेजारच्या दोन घ्या आणि मधलं दार उघडं ठेवा. बुक करतानाच बाबांसाठी विमानतळावर आणि धक्क्यावर व्हीलचेअर सांगून ठेवा, चढायच्या दिवशी रांगेत बराच वेळ उभं राहावं लागतं.