पहिला फॉल, ट्रेक आणि गाडीतली पाचवी सीट – तुमचेही अनुभव लिहा

परवा भाचीचा फोन आला. ऑगस्टमध्ये अमेरिकेत पीएचडीला गेलीये, आणि रडवेला आवाज काढून विचारत होती की मामा सगळे शनिवारी हायकिंगला चाललेत, माझं होमवर्क पडलंय, जाऊ का नको. मी म्हटलं जा. नंतर वाटलं आपण फार पटकन बोललो की काय, म्हणून हा धागा. ज्यांनी ग्रॅड स्कूलचा पहिला फॉल, म्हणजे पानगळीचा सीझन, काढलाय, कुठेही, त्यांनी लिहा. ट्रेक, मित्र, कॅम्पस, काहीही चालेल. सुरुवात मी करतो.

मी 2009 ला न्यूयॉर्क राज्यातल्या इथाकाला होतो. गावाच्या मधूनच घळी गेल्यात, डिपार्टमेंटला जाताना रोज पुलावरून खाली वाकून बघायचं आणि मग लेक्चरला उशीर. तिथे शर्ट मिळतात 'इथाका इज गॉर्जेस' असं लिहिलेले, पहिल्या आठवड्यात कोटी (घळी म्हणजे गॉर्जेस, आणि सुंदर म्हणजे गॉर्जस) कळली नाही, दुसऱ्या आठवड्यात कळली आणि तिसऱ्या आठवड्यात मी पण तोच शर्ट घेतला.

तर मुद्दा गाडीचा. आम्ही सगळे फुकट बसपासवाले, आणि अख्ख्या लॅबमध्ये गाडी एकाकडेच, चौथ्या वर्षाचा तमिळ सिनियर, जुनी कोरोला. त्यात चार सीटा आधीच ठरलेल्या. पाचवी म्हणजे मागची मधली, पाय कुठे ठेवायचे हा प्रश्न असलेली, ती नवीन आलेल्याला. माझी पहिल्या सेमिस्टरची सगळी मैत्री त्या सीटवर झालीये. आणि ट्रेक कधीच नुसता ट्रेक नसायचा, परत येताना गाडी वॉलमार्टला वळणारच, कारण पुन्हा गाडी कधी मिळणार. त्यामुळे चिखलाचे बूट, मांडीवर वीस पौंडाची तांदळाची गोणी आणि पायात दुधाचे कॅन, असं घरी.

टॉगहॅनॉक धबधबा बघायला गेलो, 215 फूट, नायगारापेक्षा 33 फूट उंच असं सिनियरने गाडीत तीनदा सांगितलं. ऑक्टोबरमध्ये पाणी एवढंसं, वरून नळ सोडल्यासारखं. मी तोंडावर 'मस्त' म्हटलं. पण ट्रीमन पार्क खरंच आवडलं. घळीच्या कडेने दगडी पायऱ्या आहेत, 1930च्या दशकात मंदी होती तेव्हा सरकारने बेकार पोरांना कामाला लावून तिथलं बरंचसं बांधकाम करून घेतलं. मला एकदम 72च्या दुष्काळातली आपल्याकडची कामं आठवली, आजोबा सांगायचे खडी फोडायला जायचो ते. इथे पाऊणशे वर्षांनी त्या पायऱ्यांवर बसून मी चिवडा खात होतो. हिवाळ्यात बर्फामुळे ती वाट बंद करतात, म्हणून जायचं तर ऑक्टोबरातच.

* * *

मामा, जा म्हणालात ते बरोबर, पण काय घालून जा ते सांगितलंत का? माझं ऐका आता.

2016, बॉस्टन, मास्टर्सचं पहिलं सेमिस्टर, ऑक्टोबरातला कोलंबस डेचा लाँग वीकेंड. आम्ही पाच जण, भाड्याची गाडी, न्यू हॅम्पशायरमध्ये फ्रँकोनिया रिज ही डोंगरधार करायचं ठरलं, साधारण नऊ मैलांचा लूप. आदल्या रात्री मी उंची बघितली, त्यातलं सगळ्यात उंच शिखर माउंट लाफायेट 5,249 फूट. कळसूबाई 5,400! मी कळसूबाई दोनदा केलंय, एकदा तर चपलेवर, त्यामुळे ग्रुपवर मोठ्या तोऱ्यात लिहिलं की हे आमच्या नगर जिल्ह्यातल्या डोंगरापेक्षा बुटकं आहे, काळजी करू नका. जीन्स, कॉटनचा हुडी, कॅनव्हासचे बूट.

पार्किंग सातलाच फुल. एक मैल मागे गाडी लावून चालत आलो. फॉलिंग वॉटर्सची वाट सुंदर आहे, धबधब्यामागून धबधबा, लाल पानांचा सडा, शंभर फोटो काढले असतील, त्यात दोन तास गेले. दमट होतं, घामाने हुडी भिजला. मग लिटल हेस्टॅक शिखराला झाडं संपतात. संपतात म्हणजे एकदम, दार उघडून गच्चीवर आल्यासारखं. आणि वारा. मला वाटलं होतं वारा म्हणजे हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर असतो तो. हा वारा ओल्या कपड्यातून आत शिरला आणि दहा मिनिटांत माझी बोटं वळेनात, मोबाईलचा पासकोड टाकता येईना. तिथे जवळजवळ पावणेदोन मैल उघड्या धारेवर चालायचं असतं, दोन्ही बाजूला काही नाही. उंची कळसूबाईएवढी पण आपण विषुववृत्ताच्या किती वर आहोत हे डोक्यातच नव्हतं, आपल्याकडे त्या उंचीवर गवत आणि देऊळ, इथे पाच हजार फुटांच्या आतच झाड उभं राहत नाही.

एक साठीच्या बाई एकट्याच चालल्या होत्या, त्यांनी माझ्याकडे बघितलं, काही विचारलं नाही, बॅगेतून लोकरीचे हातमोजे आणि एक जुनं जॅकेट काढून दिलं. कॉटन ओलं झालं की वाळत नाही, उलट अंगातली ऊब ओढून घेतं, हे त्यांनी तेव्हा समजावलं. आमच्यातल्या एकाही इंजिनियरला हे माहीत नव्हतं. खाली ग्रीनलीफ हटमध्ये गरम सूप मिळालं, मी तीन वाट्या प्यायले. बाईंना जॅकेट परत करायला गेले तर म्हणाल्या खाली पार्किंगपर्यंत ठेव. मग सहानंतर सूर्य गेला, ओल्ड ब्रिडल पाथ आम्ही मोबाईलच्या टॉर्चवर उतरलो, पाच जणांत चालू फोन दोन. बाईंच्या डोक्याला हेडलॅम्प होता, त्या पुढे आणि आम्ही मागे शाळेच्या रांगेसारखे.

मंगळवारी मिडटर्म होती. बी मायनस.

* * *

फ्रँकोनिया वगैरे वाचून हेवा वाटला. आम्ही इलिनॉयमध्ये शँपेनला. डोंगर नाही, टेकाड नाही, चढ नाही. कॅम्पसमध्ये उंच जायचं तर पार्किंगच्या गच्चीवर. फॉल म्हणजे मक्याची कापणी, कम्बाइन रात्री पण दिवे लावून चालू. एकदा हौसेने इंडियानातल्या टर्की रनला गेलो, तिथे खडकाच्या चिरा आहेत आणि चढायला लाकडी शिड्या, चांगलं आहे, पण एक गुजराती मित्र शिडीवर अडकला आणि मागे सगळी लाईन. बास, एवढाच ट्रेक. बाकी मित्र लॉण्ड्री रूममध्ये झाले.

* * *

मी जुना माणूस, 1996 चा. ब्लॅक्सबर्ग, व्हर्जिनिया. तेव्हा जीपीएस नाही, पेट्रोल पंपावर घेतलेला कागदी नकाशा आणि शेजारी बसणाऱ्याने तो वाचायचा, आणि चुकला की त्याला पुढच्या वेळी मागे बसवायचं. त्यामुळे पाचव्या सीटवर आमच्याकडे नवीन नाही, नकाशा न वाचता येणारा बसायचा.

मॅकॅफी नॉब म्हणून सुळक्यासारखा बाहेर आलेला खडक आहे, त्याच्या टोकावर बसून फोटो काढायचा हे तेव्हाही होतं. ती वाट ॲपलाचियन ट्रेलचाच भाग, जॉर्जियापासून मेनपर्यंत दोन हजार मैलांच्या वर, झाडांवर पांढरे पट्टे मारलेत, पट्टा दिसतोय तोवर आपण बरोबर. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथे मेनवरून खाली चालत येणारे लोक भेटतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला निघालेले असतात. आम्हाला शेल्टरपाशी असा एक भेटला, दाढी छातीपर्यंत, वास असा की आम्ही वाऱ्याची दिशा बघून बसलो. रूममेटने पोळ्या आणि बटाट्याची सुकी भाजी आणलेली, त्याला एक गुंडाळी दिली. मग दुसरी. सहा खाल्ल्या त्याने, आणि मग विचारलं की लोणच्याचं झाकण उघडू का. आम्ही त्या दिवशी सफरचंदावर भागवलं पण इतकं समाधान मला नंतर कुठल्याही पार्टीत कोणाला वाढून मिळालेलं नाही.

फोटो छत्तीसच्या रोलचे. डेव्हलप करून पत्रात घातले आणि साताऱ्याला पाठवले. तीन आठवड्यांनी कॉलिंग कार्डावर फोन केला तर वडिलांचं पहिलं वाक्य, 'सगळ्या फोटोत डोंगरच आहे, कॉलेज दिसत नाही कुठे.'

* * *

मी विरोधी पक्ष. मला ट्रेक आवडत नाही, तेव्हाही आवडत नव्हता, आणि पहिल्या फॉलमध्ये हे कबूल करायची लाज वाटायची म्हणून दोनदा गेले. बूट एकशेदहा डॉलरचे, टीएचा (टीचिंग असिस्टंटचा) पहिला पगार अजून आलेला नव्हता. तिसऱ्या शनिवारी सांगून टाकलं, लॅब रिपोर्ट तपासायचेत. खरंच होते, साठेक. पण खरं सांगायचं तर चार मुलींच्या अपार्टमेंटमध्ये मला तो एकच दिवस एकटीला मिळायचा. खिडकीसमोर मेपलचं झाड होतं. ते रोज बघायचे. मधल्या डहाळ्या हिरव्या आणि टोकाकडून लाल होत जातं. हिरवं ओसरलं की पिवळा रंग आधीपासून आत असतो तो दिसतो, पण लाल मात्र झाड त्या वेळी नव्याने बनवतं, दिवसा ऊन आणि रात्री थंडी असली की जास्त. हे मला बॉटनीवाल्या रूममेटने सांगितलं, जी तेव्हा डोंगरावर असायची आणि झाड बघायचीच नाही, चढायची फक्त.

संध्याकाळी हे सगळे लंगडत यायचे आणि मी मुगाची खिचडी, पापड, आणि पिशवीचा कोपरा कापून पाडलेली चकली (सोऱ्या नव्हता, सगळ्या चकल्या वेगवेगळ्या जाडीच्या) असं तयार ठेवायचे. त्यामुळे माझ्याशिवाय ट्रेक व्हायचा नाही असा नियमच झाला, मी न जाता. भाचीला हेही सांगा की न जाता पण मैत्री होते. फक्त नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं आणि पाचला अंधार पडतो, तेव्हा घरी एकटं बसू नये. त्या आठवड्यात मी पण बाहेर पडले. मॉलमध्ये.

* * *

जर्मनीतून. आमच्याकडे सीटचं राजकारण नाही कारण गाडीच नाही :) विद्यार्थ्यांच्या सेमिस्टर तिकिटावर तेव्हा अख्ख्या सॅक्सनी राज्यात लोकल ट्रेन चालायची. ड्रेस्डेनहून एस-बानने (लोकलने) राथेनला उतरायचं, एल्बे नदी फेरीबोटीने ओलांडायची. त्या फेरीला इंजिन नाही, तारेला बांधलेली आहे, तिरकी धरली की प्रवाहच तिला पलीकडे ढकलतो. मेकॅनिकल शिकायला आलेलो आम्ही तीन मराठी पोरं, वर बास्टाईचा दगडी पूल बघायला आलेलो आणि अर्धा तास फेरीच बघत बसलो, दोनदा उगाच इकडून तिकडे केलं. पूल नंतर बघितला, 1851 चा आहे, नदीपासून जवळजवळ दोनशे मीटर वर, चांगला आहे.

आमचं सेमिस्टर ऑक्टोबरला सुरू होतं त्यामुळे ओळख व्हायच्या आतच फॉल. जर्मन मुलांनी 8:31 म्हटलं की 8:31. मी 8:33 ला पोचलो, प्लॅटफॉर्मवर कोणी नाही. पुढच्या ट्रेनने गेलो तर वर भेटले, कोणी रागावलं नाही, कोणी थांबलं पण नव्हतं. आणि रविवारी दुकानं बंद, त्यामुळे ट्रेकनंतर किराणा हा प्रकार विसरा. पहिल्या रविवारी आम्ही रात्री ब्रेड आणि शेंगदाणा चटणी खाल्ली.

* * *

फॉल म्हणजे काय ते पुण्यात कळत नाही, आमच्याकडे ऑक्टोबर हीट. पण एमएस्सीला असताना आमचा ट्रेकचा सीझन तोच, पाऊस संपून गवत पिवळं व्हायच्या आधीचा, राजगडावर सोनकी फुललेली. स्वारगेटवरून एसटी, त्यामुळे सीट पाचवी नाही, पायरी. पद्मावतीच्या देवळात मुक्काम, पहाटे पाचला कोणीतरी स्टोव्ह पेटवतो आणि कोणीतरी त्याला शिव्या देतो. प्रॅक्टिकलचं जर्नल कधीच वेळेत पूर्ण झालं नाही.

* * *

धागाकर्ता परत. सगळ्यांचं भाचीला पाठवलं, कॉटनचं खास ठळक करून. गेली ती. कसं झालं विचारलं तर मेसेज आला, 'पाय दुखतायत मामा, नंतर फोन करते.' तो रविवारी. आज शुक्रवार. हेडलॅम्प ऑर्डर करायला घेतला तर पत्ता नाही माझ्याकडे, तिच्या आईला विचारायचं तर तिला डोंगराचं अजून कोणी सांगितलेलं नाही.