बाबांची जुनी रॉकरी पुन्हा फुलवायची आहे, कमी खर्चात काय लावू?

अंगणवेडी:
बाबांनी अंगणाच्या कोपऱ्यात हौसेनं रॉकरी, म्हणजे दगडामातीची छोटी बाग, रचली होती. साधारण 12 फूट लांब, 5 फूट रुंद, मध्ये कमरेएवढी उंच. ते गेल्यावर तिकडे कुणी फिरकलंच नाही. आता दगड डुगडुगतात, दोन-तीन घसरून खाली आलेत, आणि सगळीकडे हरळी नि लव्हाळा. लव्हाळा दोनदा उपटला, आठवड्यात पुन्हा वर. मागच्या वर्षी सात-आठ प्रकारची फुलझाडं आणून एकेक लावली. निम्मी कुजली, उरलेली वाळली. दिवसभर ऊन असतं, फक्त डावीकडे दुपारनंतर भिंतीची सावली येते. पुन्हा तेवढा खर्च जमणार नाही, पण दुरून दिसेल असा रंग हवाय. घरचे म्हणतात दगड काढून टाक. मला ते करायचं नाही.

खुरपं:
ताई, दगड मुळीच काढू नका. एकाच रॉकरीत काही झाडं कुजतात आणि काही वाळतात, याचा अर्थ दोष झाडांचा नाही, पाण्याच्या वाटेचा आहे. दगड बाहेरच्या बाजूला कलले की पाणी त्यांच्यावरून निथळून जातं, मुळांना मिळत नाही. आणि जिथे चिकण माती दाबून बसलीय तिथे ते साचून राहतं. पहार घेऊन एकेक दगड सैल करा, एक तृतीयांश तरी मातीत गाडा आणि माथा किंचित आत, चढाच्या बाजूला झुकवा. मागे माती ठोकून भरा. वर उभं राहिलं तरी दगड हलता कामा नये.

त्याआधी लव्हाळा. तो उपटू नका, खणा. खाली काळ्या गाठींची माळ असते. पात ओढली की ती तुटून हातात येते, गाठ तिथेच राहते, आणि शेजारच्या निजलेल्या गाठीही फुटतात. वीतभर खोल माती काढून चाळून घ्या. गाठी खतखड्ड्यात टाकू नका, उन्हात कडकडीत वाळवा. मग तीन आठवडे जागा रिकामी ठेवून नुसतं पाणी द्या. जे डोकं वर काढेल ते गाठीसकट काढा. हे तीन आठवडे फार जिवावर येतात, पण मी एकदा घाई केली आणि पुढचं वर्षभर चिनी गुलाबाच्या वेलीतून लव्हाळा वेचत बसलो.

भरायला दोन घमेली माती, एक घमेलं जाडी वाळू, अर्धं घमेलं कुजलेलं शेणखत. खत जास्त झालं तर चिनी गुलाब नुसता पसरतो, फुलं कमी देतो.

आता रंग. आठ प्रकार एकेक लावलेत तर दुरून काहीच दिसत नाही. दोन-तीनच प्रकार घ्या आणि एकेका रंगाचा सलग पट्टा करा. उन्हाच्या भागात चिनी गुलाब. ओळखीच्यांकडून बोटभर लांबीच्या फांद्या मागा, खालची पानं काढून ओलसर मातीत वीतभर अंतरानं खोचा. आठ-दहा दिवसांत मुळं धरतात. त्याची फुलं दुपार कलली की मिटतात, म्हणून संध्याकाळी अंगणात बसणाऱ्यांसाठी वरच्या टप्प्यात सदाफुली हवीच. तिच्या शेंगा पिवळट झाल्या की उकलण्याआधी काढा. बी मातीनं झाका, तिला उगवायला अंधार लागतो. पुढच्या वर्षी ती आपली आपण उगवेल.

पानफुटी:
डावीकडे सावलीत रिओ लावा. पानांची खालची बाजू जांभळी असते, आणि एका बुंध्याभोवती पिल्लं येत राहतात. ती वेगळी केली की झालं. जांभळ्या पानांची ट्रॅडेस्कँशिया मात्र उन्हातच ठेवा, सावलीत ती हिरवी पडते. स्वस्त म्हणून घाणेरी लावू नका. पक्षी तिची फळं खाऊन बी कुठेकुठे नेतात, मग आवरत नाही. काटेरी युफोर्बिया लावलीत तर छाटताना हातमोजे घाला, चीक डोळ्यात गेला तर फार आग होते.

अंगणवेडी:
कालपासून खणायला घेतलंय. मधल्या मोठ्या दगडामागे खाली विटांच्या तुकड्यांचा थर लागला, पूर्ण गाळानं भरलेला. बाबांनीच घातला असणार. मी त्यांना दगड रचताना पाहिलं होतं, हा थर कधी भरला ते माहीतच नव्हतं. काढू का ठेवू?

खुरपं:
ठेवा. तो निचऱ्यासाठीच आहे, त्यांना नीट कळत होतं. तुकडे बाहेर काढून पाण्यानं स्वच्छ धुवा, होते तसेच परत लावा आणि वर जाड वाळूचा दोन बोटं थर द्या, म्हणजे गाळ लवकर खाली उतरणार नाही. मोठ्या दगडाला हात लावण्याआधी कुणाला तरी मदतीला बोलवा. एकटीनं पहार घालू नका.

अंगणवेडी:
भाऊ येतोय रविवारी. तुकडे धुवायला आजच घेते. चिनी गुलाबाच्या फांद्या दोन घरांतून मिळाल्यात, गुलाबी आणि पिवळा. त्या तीन आठवडे कुंडीत जगवते.