कॉकपिटमधल्या लॉकरचं प्लास्टिकचं हॅच वाकलंय: सरळ करावं की बदलावं?

डोलकाठी

२७ फुटी शिडाची बोट, फायबरचा डेक. कॉकपिटच्या (सुकाणूजवळच्या बसायच्या खोलगट जागेच्या) बाकावर ६०० × ३५० मिमीचं एबीएस प्लास्टिकचं हॅच आहे. चौकट १४ स्क्रूंनी बसवलेली, झाकणाला एका लांब बाजूला बिजागऱ्या आणि समोरच्या दोन कोपऱ्यांत कड्या. झाकण बंद केल्यावर कड्यांच्या बाजूला बरोबर मध्यावर ५ मिमी फट राहते आणि पावसाचं पाणी सरळ लॉकरमध्ये उतरतं. हीट गनने गरम करून, वर वजन ठेवून सरळ होईल का? बदलायचं झालं तर पॉलिसल्फाइड सीलंटची न उघडलेली ट्यूब आहे, ती चालेल का?

सुकाणू

दोन्ही गोष्टी नकोत.

एबीएस १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं. त्याच्या जवळ नेलं की साच्यातून निघताना आत अडकलेले ताण सुटायला लागतात. खालच्या फासळ्या जाड आणि वरचा पापुद्रा पातळ, त्यामुळे दोन्ही सारखे तापत नाहीत. वाक जातो आणि पीळ पडतो, आणि पिळाला उपाय नाही. शिवाय उन्हाने वरचा थर पांढुरका, ठिसूळ झालेला असतो. तो दाबून सरळ करताना केसासारख्या चिरा उघडतात.

वाक का आला तेही बघा. कड्या दोन टोकांना आणि मध्ये काहीच नाही. झाकणाखालचं जाड रबर मधून झाकणाला सतत वर ढकलतं, कड्या टोकं खाली ओढतात आणि भर उन्हात तापलेलं प्लास्टिक त्या ताणाखाली हळूहळू तसंच बसतं. नवीन घेताना कड्यांच्या बाजूला मध्ये तिसरी कडी असलेलं किंवा खाली उभ्या फासळ्या असलेलं घ्या. रंग पांढरा. मिळालं तर एएसए प्लास्टिकचं, ते उन्हात एबीएसपेक्षा खूप जास्त टिकतं.

पॉलिसल्फाइड एबीएस, अॅक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट तिघांनाही खातं, काही काळाने स्क्रूंपासून तडे जातात. पॉलियुरेथेन सीलंट इतकं घट्ट धरतं की पुढच्या वेळी हॅचबरोबर जेलकोटही (फायबरवरचा गुळगुळीत थर) निघेल. इथे ब्युटाइल टेपच (मऊ, चिकट रबरी पट्टी) हवी, ३ मिमी जाडीची.

मागवण्याआधी फक्त झाकण वाकलंय की चौकटही, ते तपासा. चौकटीवर कोपऱ्यातून कोपऱ्यात दोन दोरे तिरके ताणा. मध्यावर ते एकमेकांना जेमतेम टेकले पाहिजेत. मग वरचा दोरा खाली घेऊन पुन्हा बघा. एकदा फट आणि एकदा दाब दिसला तर चौकटीला पीळ आहे. चौकट सपाट असेल तर नुसतं झाकण आणि नवं रबर पुरेल, तसं झाकण सुटं मिळतं का विचारा.

फायबरवाला

चौकट निघालीच तर खरं काम तिच्याखाली आहे. बाकाच्या दोन पापुद्र्यांमध्ये बहुधा बाल्साच्या हलक्या लाकडाचा, फोमचा किंवा प्लायचा गाभा असतो आणि कापलेली कड अनेकदा उघडीच सोडलेली असते. टोच्याने टोचून बघा. काळा, ओला भुसा आला तर तो सगळा काढायचा. कोरडा असला तरी कडेपासून १२ मिमी आत गाभा खरवडा. पूर्ण सुकू द्या, आधी पातळ इपॉक्सी पाजा, मग सिलिका पावडर घालून घट्ट केलेलं इपॉक्सी भरा. जुनी स्क्रूची भोकं ८ मिमीची करून, खालचा पापुद्रा शाबूत ठेवून तशीच भरा. हे टाळलंत तर गळती खाली दिसणार नाही, गाभ्यात मुरेल.

दुसरं म्हणजे बैठक. बाक क्वचितच पूर्ण सपाट असतो. स्क्रू आवळून चौकट डेकला चिकटवली की तुम्ही नव्या हॅचला स्वतःच्या हाताने पीळ देता. चौकटीच्या खालच्या बाजूला पॅकिंग टेप लावून वर मेण पुसा, डेकवर घट्ट इपॉक्सीची वळी फिरवा आणि चौकट तिच्याच वजनाने बसू द्या. दुसऱ्या दिवशी उचला. खाली तिचा हुबेहूब ठसा तयार असेल. कडेला आलेले कंगोरे घासा, मग ब्युटाइल.

डोलकाठी

चौकटीलाही पीळ निघाला, म्हणजे पूर्ण हॅच बदलतोय. पण नव्याला लागणारा गाळा (डेकमधलं कापलेलं तोंड) जुन्यापेक्षा प्रत्येक बाजूला ६ मिमी लहान आहे. चौकटीचा काठ २५ मिमीचा, स्क्रू मधोमध.

फायबरवाला

म्हणजे स्क्रू कडेपासून जेमतेम ६ मिमीवर येतील. एवढ्यावर नको. ६ मिमी मरीन प्लायची, सुमारे ५० मिमी रुंद चौकोनी रिंग खालून इपॉक्सीने चिकटवा, आतलं तोंड नव्या मापाचं. तिच्यावर वरच्या बाजूने जी पायरी राहील ती घट्ट इपॉक्सीने डेकच्या पातळीला आणा. प्लायची कापलेली कडही इपॉक्सीने बंद करा. मग आरपार बोल्ट टाकता येतील.

सुकाणू

बोल्ट ३१६ स्टेनलेसचे, गोल डोक्याचे, वॉशरसह. चपट्या डोक्याचा स्क्रू पाचरीसारखा काठ फाडतो. चौकटीतली भोकं बोल्टपेक्षा दीड मिमी मोठी ठेवा. ६०० मिमी लांबीवर तापमान ४० अंशांनी बदललं तर एबीएस फायबरपेक्षा साधारण दीड मिमी जास्त सरकतं. डेकमधल्या भोकांच्या तोंडाला थोडी खोलगट कड द्या आणि प्रत्येक बोल्टभोवती ब्युटाइलचा छोटा शंकू वळा, खरी गळती तिथेच थांबते. पुसायला आयसोप्रोपाइल अल्कोहोल. अॅसिटोन एबीएसला विरघळवतो, हॅच जागेवर आल्यावर तो जवळही आणू नका.

आवळायची घाई करू नका. ब्युटाइल सगळीकडून बाहेर डोकावलं की थांबा. पुढचे तीन दिवस, दुपारी ते मऊ असताना, पाव-पाव फेरा. बोल्टपाशी काठ खचायला लागला तर जास्त झालंय, थोडं सोडा.

शेवटी रबरावर दर १०० मिमीला कागदाची पट्टी ठेवून झाकण बंद करा आणि ओढून बघा. सगळीकडे सारखीच अडली पाहिजे. जिथे सैल येते तिथली कडी अर्धा फेरा घट्ट करा, बाकीच्यांना हात लावू नका. त्यानंतर एकाने लॉकरमध्ये टॉर्च धरायचा आणि दुसऱ्याने पाइपने पाणी मारायचं, खालच्या कडेपासून सुरुवात करून हळूहळू वर.