सगळ्यात चांगली गाडी, सगळ्यात वाईट गाडी : नागपूरकरांचे अनुभव

आतापर्यंत चालवलेली सगळ्यात चांगली गाडी कोणती आणि सगळ्यात वाईट कोणती, हे सांगायला हा धागा काढला आहे. पण "मस्त पळते बे" एवढ्यावर भागणार नाही. कोणत्या रस्त्यावर चालवली, कोणता पार्ट त्रास देतो, का देतो आणि इलाज काय, ते लिहा. घरच्या सहली आणि पहिल्या गाडीचे पेढे दुसऱ्या धाग्यावर. आपल्याकडची परीक्षा वेगळी आहे. मे महिन्यात पारा 45च्या वर, शहरात सिमेंटचे रस्ते, शहर सोडलं की काळी माती. सुरुवात मीच करतो.

पद्मिनी, 1089 सीसी पेट्रोल (धागा काढणारा, महाल)

माझ्या हिशोबात ही दोन्ही रांगांत बसते. हिवाळ्यात हिच्यासारखी गाडी नाही. क्लच हलका, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, आणि दाराची छोटी तिकोनी काच उलटी फिरवली की वारा नेमका छातीवर येतो. उन्हाळ्यात मात्र सीताबर्डीच्या गर्दीत ती बंद पडते. सेल्फ फिरतो, बॅटरी ठणठणीत, तरी गाडी चालू होत नाही. हा व्हेपर लॉक. पेट्रोलचा पंप इंजिनच्या ब्लॉकलाच बोल्टने बसवलेला असतो. सिग्नलला उभ्या गाडीत पंखा हळू फिरतो, बॉनेटखाली उष्णता साठते आणि पंपात पेट्रोलची वाफ होते. पंपातला रबरी पडदा (डायफ्राम) मग वाफच ओढत बसतो आणि कार्ब्युरेटर कोरडा पडतो. धक्का मारून उपयोग नाही. बॉनेट उघडा, पंपावर आणि कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या नळीवर ओलं फडकं ठेवा, दहा-पंधरा मिनिटं थांबा.

कायमचा इलाज करायचा तर तीन गोष्टी पाहा. पंप आणि ब्लॉक यांच्यामध्ये बेकेलाइटचा जाड तुकडा असतो, तो उष्णता अडवतो. बरेच मिस्त्री पंप बदलताना तो काढून नुसतं कागदी पॅकिंग लावतात आणि मग गिऱ्हाईक म्हणते, नवा पंप टाकूनही गाडी गरम होऊन राहिली. दुसरं, नळी एक्झॉस्ट मॅनिफोल्डला खेटून जात असेल तर ती दूर वळवून घ्या. तिसरं, रेडिएटर. बोअरचं पाणी जड असतं, वर्षानुवर्षे तेच ओतलं की नळ्यांत खार साचतो. रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या आणि त्यानंतर कूलंट अर्धं, डिस्टिल्ड वॉटर अर्धं. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून टाका असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. डिसेंबरच्या सकाळी इंजिन तापायला वेळ लागतो, चोक ओढून ठेवावा लागतो आणि जास्तीचं पेट्रोल रिंगांवरून ऑइलमध्ये उतरतं.

आता पंपांवर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या गाड्यांची रबरं त्यासाठी बनलेली नव्हती. डायफ्राम फुगतो, नळ्या चिरतात. व्हायटनचे (इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे) पार्ट मागा. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकीत पाणी धरणारं हे पेट्रोल ठेवू नका, आतून गंज चढतो.

अँबेसेडर (सदर)

भाऊ, पद्मिनीचं सगळं मान्य, पण मागच्या सीटसाठी अँबीच. पुढे टॉर्शन बार (पीळ घेणारी सळई), मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग). सिमेंट रोडच्या सांध्यांवरून नवीन गाड्या ठक-ठक करतात, ही नुसती मान हलवून पुढे जाते. अट एकच, पुढच्या एंडच्या ग्रीस निपलांना दर हजार-दीड हजार किलोमीटरला ग्रीसगन लागली पाहिजे. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवीन दिसेपर्यंत मारायचं. वाईट काय, तर जुन्या मॉडेलांचे चारही ड्रम ब्रेक. पावसात पाण्यातून निघाल्यावर पहिला ब्रेक लागतच नाही, नाहीतर गाडीला एका बाजूला ओढतो. पाण्यातून बाहेर पडताना पॅडलवर हलका पाय ठेवून ड्रम वाळवून घ्यायचे.

बुलेट, 346 सीसी, कास्ट आयर्न इंजिन (कामठी)

चालवायला सगळ्यात चांगली, थांबवायला सगळ्यात वाईट. पुढे डिस्क नसलेल्या बुलेटवर समोरच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवा.

किक लागत नाही अशी तक्रार करणारे बहुतेक जण डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा) वापरतच नाहीत. पद्धत अशी. इग्निशन चालू करा. किक हळूहळू दाबत राहा, एका जागी ती दगडासारखी अडते. तिथे डिकॉम्प्रेसरचा छोटा लिव्हर दाबा आणि अ‍ॅमीटरचा (विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या मीटरचा) काटा पाहा. उणे बाजूला गेलेला काटा किक अजून थोडी उतरवताच मध्यावर येतो, म्हणजे पॉइंट (ठिणगीसाठी वीज तोडणारे) उघडले. लिव्हर सोडा, किक वर येऊ द्या, आणि आता पूर्ण वजनाने एकच किक. अ‍ॅक्सिलरेटर पिळायचा नाही. उलटी किक बसते ती या घाईमुळेच, किंवा टायमिंग पुढे गेलं असेल तर.

पॉइंटची फट 0.35 ते 0.40 मिलिमीटर. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनवर, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला असताना लावा. पुशरॉड बोटांनी गरगर फिरला पाहिजे, वरखाली खुळखुळता कामा नये. आवाज येतो म्हणून टॅपेट आवळून घेणारे आपला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जाळतात.

राजदूत 350 (धरमपेठ)

ब्रेकचा विषय निघालाच आहे तर ही आठवायलाच हवी. 1983 ते 1989 या काळात आली. हाय टॉर्क मॉडेलला 30.5 अश्वशक्ती, दोन सिलिंडर, टू स्ट्रोक. मूळ जपानी मॉडेलला पुढे डिस्क होती, इथे ड्रम लावून दिला. त्या काळात एवढी ताकद रस्त्यावर दुसऱ्या कोणत्या बाइकला नव्हती आणि तिला आवरणारा ब्रेक मात्र कमी ताकदीच्या बाइकचा. आज रिस्टोर करणाऱ्यांनी आधी पुढचा ब्रेक पाहावा, मग क्रोम.

चेतक (मानेवाडा)

वाईट म्हणायला जीव होत नाही, पण 10 इंची चाकं आणि खड्डा हे जमत नाही. इंजिन उजवीकडे, त्यामुळे हात सैल सोडला की ओढ तिकडेच. स्कूटर तिरपी करून चालू करायची युक्ती खरी आहे, जादू काही नाही: फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल इनटेककडे उतरतं, म्हणजे चोकचंच काम. टूटी (टू स्ट्रोकचं) ऑइल पेट्रोलच्या लिटरला 20 मिलि. "थोडं जास्त टाका" म्हणणाऱ्याचा प्लग आधी काळा होतो.

जिप्सी (सफारीच्या गाड्यांचं काम करणारा, मनसर रोड)

पेंच आणि उमरेड-कऱ्हांडल्याच्या वाटांवर हिच्याइतकी कामाची गाडी झाली नाही, आणि मागच्या बाकावर बसणाऱ्यासाठी हिच्याइतकी वाईटही नाही. चारही चाकांना पाटे. वरचा साचा कापून बाक बसवले की वजन मागच्या एक्सलच्या मागे जातं आणि पुढचं चाक हलकं होतं. पाटे वाढवून प्रश्न सुटत नाही, गाडी अजून उसळते. आधी शॅकलची (पाट्याचं टोक जोडणाऱ्या कडीची) बुशं आणि शॉकअपची रबरं बदला, त्यातच अर्धा धक्का कमी होतो.

फोर बाय फोर वापरताना पुढच्या चाकांचे हब हाताने लॉक करायचे असतात. नुसता ट्रान्सफर केसचा दांडा ओढून "फोर व्हील लागत नाही" म्हणणारे दर पावसाळ्यात येतात. काम झालं की हब मोकळे करा. डांबरी किंवा सिमेंट रस्त्यावर फोर व्हीलमध्ये वळलात तर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, ताण कुठेच निघत नाही, जॉइंट तुटतात.

काळ्या मातीत एक सरी पडून गेल्यावर कोणत्याच गाडीचा भरवसा नाही. ही माती पाणी पिऊन फुगते आणि टायरच्या खाचा भरून टाकते, मग टायर गुळगुळीत झाल्यासारखा फिरतो. 4एल (फोर बाय फोरचा सावकाश गिअर), दुसरा गिअर, अ‍ॅक्सिलरेटर एकसारखा, मध्ये थांबायचं नाही. चाकावरचा चिखल मडगार्डला लागायला लागला की उतरून सळईने खरवडा. तसंच दामटलं तर चाक जाम होतं आणि क्लच जळाल्याचा वास येतो. वाळूत हवा 18-20 पीएसआयपर्यंत उतरवून फायदा होतो, या मातीत फारसा नाही.

ट्रॅक्टर (काटोलकडचा)

गाडी म्हणता येईल ना? हिंगण्याच्या एमआयडीसीत महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना आहे, त्यामुळे नागपूरच्या धाग्यात ट्रॅक्टर हवाच. शेतात सगळ्यात चांगलं वाहन, डांबरी रस्त्यावर सगळ्यात धोक्याचं. ब्रेकचे पॅडल दोन असतात, डाव्या-उजव्या चाकाचे वेगळे, बांधावर वळायला. रस्त्यावर यायच्या आधी दोघांना जोडणारी पट्टी लावलीच पाहिजे. ती न लावता वेगात एकच पॅडल दाबलं तर ट्रॅक्टर जागीच वळतो आणि मागची ट्रॉली त्याला उलटवते.

दुसरं म्हणजे ओढायची साखळी. ती खालच्या ड्रॉबारलाच (ओढायच्या पट्टीलाच) लावा. टॉपलिंकच्या (अवजार धरणाऱ्या वरच्या दांड्याच्या) जागी किंवा एक्सलला लावली की पुढची चाकं उचलली जातात आणि ट्रॅक्टर ड्रायव्हरवर उलटतो. ही गोष्ट होते तेव्हा उडी मारायला वेळ मिळत नाही. डिफरन्शियल लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) फक्त सरळ चालताना, वळायच्या आधी सोडायचा. संत्र्याच्या हंगामात कळमन्याच्या बाजारात रात्री ट्रॉल्या येतात, त्यांना मागे लाल रिफ्लेक्टर लावा, पोत्याची चिंधी नको.

ऑक्टाव्हिया 1.9 टीडीआय, पहिली पिढी (मनीषनगर)

लांबच्या रस्त्यासाठी माझं मत हिला. 90च अश्वशक्ती, पण टॉर्क खालीच मिळतो, पाचव्या गिअरमध्ये ओव्हरटेक होतं. टायमिंग बेल्टचं मात्र लक्ष ठेवा. बेल्ट तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि हेड खोलावं लागतं. किलोमीटर झाले नसले तरी बेल्टची वर्षं मोजा, आणि बदलताना टेन्शनर, आयडलर, वॉटर पंप सोबतच घ्या. मजुरी तीच लागते.

समृद्धी महामार्गावर टायर (वरच्या भाऊंना जोडून, हिंगणा)

गाडी कोणती यापेक्षा टायर कोणता हे पाहा. नागपूरच्या टोकाला शिवमडक्याहून चढलं की 701 किलोमीटरचा रस्ता, कारला 120ची मर्यादा, आणि सिमेंट उन्हात तापलेलं. टायर फुटतो तो बहुधा हवा कमी असल्यामुळे. "उन्हाळा आहे, चार पॉइंट कमी ठेवा" हा पंक्चरवाल्याचा सल्ला उलटा आहे. हवा कमी असली की बाजूची भिंत दर फेऱ्याला जास्त वाकते आणि आतून तापते. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर पूर्ण लोडचा आकडा असतो, तो सकाळी टायर थंड असताना भरा. चालून तापल्यावर चार-पाच पीएसआय वाढलेले दिसतील, ते काढू नका.

भिंतीवर चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. पाच-सहा वर्षं झालेला टायर खाचा शाबूत असल्या तरी या रस्त्यावर नको. मापाच्या शेवटचं अक्षर वेगाचं: टी म्हणजे 190, एच म्हणजे 210. स्टेपनीचंही पाहा, सगळ्यात जुना टायर तिथेच असतो. आणि सगळ्यात वाईट गाडी विचाराल तर उंच, सात माणसं बसलेली आणि टपावर कॅरिअर भरलेली, मग ती कोणत्याही कंपनीची असो.

नॅनो (इतवारी)

हसा खुशाल. 624 सीसी, इंजिन मागे, वळायची त्रिज्या 4 मीटर. इतवारीच्या गल्लीत हिच्याइतकी सोयीची कार नाही. समृद्धीवर नेऊ नका, त्यासाठी ती बनलेली नाही. पुढचे टायर 135चे, मागचे 155चे. मागचा पंक्चर झाला की स्टेपनी बारीक असते, हळूहळू दुकानापर्यंतच जायचं.

बीएस-6 डिझेल, फक्त शहरात (बेसा)

मॉडेलचं नाव घेत नाही, गोष्ट सगळ्यांनाच लागू आहे. घर ते ऑफिस पाच किलोमीटर आणि डिझेल कार, हा सगळ्यात वाईट सौदा. एक्झॉस्टमधला डीपीएफ (धुराची गाळणी) काजळी धरतो आणि ती जाळायला सायलेन्सर चांगला तापावा लागतो. शहरात तो तापतच नाही. पिवळा दिवा लागला की आउटर रिंग रोडला जा, चौथ्या गिअरमध्ये 60च्या वर 15-20 मिनिटं न थांबता चालवा. इंजिन बंद असताना पंख्याचा जोरात आवाज येत असेल तर साफसफाई अर्धवट सुटली असं समजा. असं वारंवार झालं की जादा मारलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका, लगेच बदला.

ई-रिक्षा (गोळीबार चौक)

नियमाने वेग 25, चार सवारी. चालवायला वाईट, पोट भरायला चांगली. चार बॅटऱ्या 12 व्होल्टच्या, मिळून 48. उन्हाळ्यात डिस्टिल्ड वॉटर दर दहा-बारा दिवसांनी पाहा, आणि चार्जिंग झाल्यावरच भरा. आधी काठोकाठ भरलं तर चार्ज होताना आम्लाचं पाणी वर येऊन टर्मिनल खातं. चारपैकी एक बॅटरी बसली म्हणून एकच नवी टाकू नका, जुन्या तिघी तिला ओढून खाली आणतात.

धागा काढणारा

गोळीबार चौकवाले काका, लिथियम बॅटरीचं किट टाकणाऱ्यांसाठी तुमच्या मुद्द्यात एक भर. जुना लेड-अ‍ॅसिडचा चार्जर त्याला लावू नका, त्याचे व्होल्टेज वेगळे असतात. आणि दुपारी गाडी उन्हातून आणल्या-आणल्या चार्जिंगला न लावता सावलीत पाऊण तास उभी राहू द्या. चेतक, लूना आणि टाटा 407 वाल्यांनी अजून बरंच लिहिणं बाकी आहे. 407 वाले, मागच्या पाट्यांचा सेंटर बोल्ट कशाने तुटतो ते सविस्तर लिहा.